तिने फोन का केला नाही

माझा स्वतःचा एक रुपयाही गेला नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. ही हकिगत ऐकली की लोक आधी तेच विचारतात, "तुमचे किती गेले?" मी "काही नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा सैल होतो, जणू गोष्ट तिथेच संपली. मला त्याचाच राग येतो. माझ्या नंबरावरून, माझा फोटो लावून, माझ्या नावाच्या जोरावर दुसऱ्या एका बाईला गंडवलं गेलं. माझं खातं जसंच्या तसं राहिलं आणि तिच्या मुलीची फी गेली.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. काउंटरवर बसणाऱ्याची जीभ हळूहळू धारदार होत जाते. "स्लिप नीट भरा. सही जुळत नाही. पेन आपलं आपण आणायचं. चला, पुढचे." दिवसातून दोनशे वेळा हे म्हणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याशी गोड बोलायचं, हे मला कधी जमलं नाही. मी निवृत्त झाले, जीभ काही निवृत्त झाली नाही. नवरा पोस्टात होता, स्वभावाने थंड. तो म्हणतो, "घरात शिरताना मला अजून टोकन घ्यावंसं वाटतं."

आम्ही भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या मागच्या गल्लीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मूळचे कोकणातले. गल्लीपासून पाच मिनिटांवर आमचा विहार आहे, दोन खोल्या एक करून बांधलेला. रविवारी सकाळी वंदना झाली, पंचशील म्हणून झालं की पुढची दहा मिनिटं माझी असायची. निवृत्त झाल्यावर मी ती मागून घेतली होती. वस्तीतल्या बायकांच्या हातात स्मार्टफोन आले होते, फोनवरून पैसे जायला-यायला लागले होते आणि कुणाला ना कुणाला दर महिन्याला शेंडी लागत होती. मी फळ्यावर खडूने लिहायची आणि सगळ्यांकडून मोठ्याने वदवून घ्यायची. "न दिलेलं घेणार नाही हे दुसरं शील. आणि ओटीपी कुणाला सांगणार नाही हे सहावं." बायका हसायच्या. पहिल्यांदा मी हे म्हटलं तेव्हा भन्तेही हसले होते.

मी सांगायची ते सगळं बरोबरच होतं, आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. बँक कधी फोन करून पिन विचारत नाही. आपल्याला पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधायचा नाही, कार्डाच्या मागे असतो तोच लावायचा. फोनला जोडलेलं खातं वेगळं ठेवायचं आणि त्यात भाजीपाल्यापुरतेच पैसे ठेवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेसेजवर कुणीही पैसे मागितले, अगदी सख्ख्या भावाने मागितले, तरी आधी फोन लावून आवाज ऐकायचा. आवाज ऐकल्याशिवाय पैसा हलवायचा नाही. शेवटी मी म्हणायची, "अडलं तर मला विचारा." हे शेवटचं वाक्य म्हणताना मला फार बरं वाटायचं. काउंटर सुटला तरी समोर रांग अजून होती.

त्या रांगेत एक बाई नेहमी पुढे असायची. ती जालन्याकडची. नवऱ्याबरोबर भाईंदरला आली त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. नवरा वॉचमन होता, दोन वर्षांपूर्वी तो छातीत दुखून गेला. विम्याचे थोडे पैसे आले ते ती भावाकडे गावी ठेवायला निघाली होती, तेव्हा मीच तिला हाताला धरून बँकेत नेलं. "भावाचं पोट भरायला तुझा नवरा गेला नाही," असं तिच्या तोंडावर म्हटलं होतं मी. खातं उघडून दिलं, ठेव करून दिली, फोनवर पैसे पाठवायला शिकवलं. वेगळं खातं ठेव असंही सांगितलं होतं, पण तिच्याकडे दोन खात्यांत वाटण्याइतकं असायचं कुठे. तिची एकुलती मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. वर्षाची फी भरायची वेळ आली की ठेवीतला एक तुकडा मोडायचा, असा हिशेब आम्ही दोघींनी माझ्या स्वयंपाकघरात बसून केला होता.

ती मला ताई म्हणते. आणि ती सतत फोन करायची. "ताई, बँकेचा मेसेज आलाय, उघडू का?" "ताई, एक माणूस म्हणतोय लाइट कापणार, खरं का?" "ताई, हे हो म्हणू का नको म्हणू?" खरं तर प्रत्येक वेळी तिचं विचारणं बरोबर असायचं. पण मी भात कुकरला लावत असायची, किंवा दुपारी डोळा लागत असायचा, आणि माझ्या तोंडून काउंटरवरची बाई बोलायची. एका रविवारी तर मी विहारात सगळ्यांसमोर म्हटलं, "हिला उद्या पावसाचा मेसेज आला तरी ही मला विचारेल, भिजू का म्हणून! डोकं वापरत जा गं जरा. सारखा फोन करायचा नाही." सगळ्या हसल्या. तीही हसली, पदर तोंडाला लावून. त्यानंतर तिचे फोन एकदम कमी झाले. मला वाटलं, बाई तयार झाली. मी नवऱ्याला ते अभिमानाने सांगितलंसुद्धा.

आता माझी चूक. ती नीट कळायची तर त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी.

तीन वर्षांपूर्वी गावाकडे माझी मावशी गेली. माणूस गेलं की आमच्यात पुढे जलदान विधी होतो, सगळे नातेवाईक जमतात. त्याची पत्रिका हल्ली फोनवरच येते. मावसभावाने ती पाठवली, पण नेहमीसारखा फोटो न टाकता फाइल पाठवली. मी माझ्याच नियमाप्रमाणे ती उघडली नाही. अनोळखी फाइल उघडायची नाही, बस. मावशी गेल्याचं मला विधी झाल्यावर कळलं. जिने मला सुट्टीत महिनामहिना सांभाळलं, तिच्यासाठी दोन फुलं वाहायला मी नव्हते. गावात कुणीतरी म्हणालं, "भाईंदरवाल्यांना फायली उघडाया टाइम न्हाय." ते माझ्या कानावर आलं आणि तेव्हापासून आत कुठेतरी टोचत राहिलं.

म्हणून यंदा काकांची तब्येत बिघडली तेव्हा मी कायम फोन उशाशी घेऊन बसलेली. काका चिपळूणला दवाखान्यात होते. त्या दिवशी सकाळी साधारण साडेदहाला काकांच्या मुलाच्या नंबरावरून एक फाइल आली. वर इंग्रजीत लिहिलं होतं, निमंत्रण पत्रिका, सहकुटुंब या. दुसऱ्या कुणाला ती लग्नाची वाटली असती. मला वाटलं, काका गेले.

आता सांगा, अशा वेळी फोन करून काय विचारणार? "दादा, काका गेले का रे?" ते असतील तर? जिवंत माणसाबद्दल हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघेल? मी ती फाइल उघडली. फोनने विचारलं, हे बसवायचं का, मी हो म्हटलं. मेसेज वाचायची परवानगी द्यायची का, हो. एरवी हीच दोन वाक्यं मी फळ्यावर लिहून त्यावर लाल खडूने फुली मारत असे. त्या दिवशी डोळ्यांत पाणी होतं आणि बोटाला घाई होती. पत्रिका काही उघडली नाही. मला वाटलं फोन जुना झालाय.

मी नवऱ्याला म्हटलं, "काका गेले वाटतं. गाडीचं बघा." त्याने विचारलं, "वाटतं म्हणजे?" मी त्याच्यावर खेकसले. पांढरी साडी काढली, बॅग भरायला घेतली. मधे दोन-तीनदा फोन वाजला, मी न बघताच कापला. मयताची तयारी करताना कुणाशी बोलायचं मन होतं?

बाराच्या सुमाराला दाराची बेल वाजली. मी दार उघडलं तर समोर ती. हातात स्टीलचा डबा, फडक्यात गुंडाळलेला, कपाळावर घाम, चप्पल एका पायातली अर्धी सुटलेली. माझ्याकडे बघून ती दोन पावलं मागे सरली.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही घरी?"

"मग कुठे असणार?"

"मग ते हास्पिटल? तुम्हाला आयसीयूत..." तिने डबा छातीशी धरला. "मऊ खिचडी आणली होती. साहेबांना विचारावं म्हणलं, कुठं ठेवलंय तुम्हाला."

मी तिच्या हातातून फोन घेतला. माझं नाव, माझा फोटो, नातीला मांडीवर घेतलेला. खाली मेसेज, हिंदीत. "मैं हॉस्पिटल में हूँ, अर्जेंट पैसा भरना है, साठ हज़ार भेज दो, शाम तक वापस. डॉक्टर चेक कर रहे हैं, बात नहीं कर सकती." त्याखाली एक क्यूआर कोड. त्याखाली तिचं, "पाठवले ताई काळजी घ्या." आणि त्याखाली तिचेच तीन मेसेज, कुठलं हॉस्पिटल, येते मी, ताई बोला ना. त्यांना उत्तर नव्हतं.

मी माझा फोन बघितला तेव्हा लक्षात आलं की माझ्या चॅटच्या अ‍ॅपमधून मी केव्हाच बाहेर फेकली गेलेय. त्या फाइलने माझे मेसेज वाचले, त्यातला कोड उचलला आणि दुसऱ्या कुठल्या तरी फोनवर मी होऊन बसली. त्या अ‍ॅपला आपला आपण एक जादा पिन लावता येतो, तो लावला असता तर कोड मिळूनही त्यांना आत शिरता आलं नसतं. हे मला माहीत होतं. बायकांना सांगायचं राहिलं होतं आणि स्वतः करायचंही. काकांच्या मुलाचा फोन आदल्या दिवशी असाच त्यांच्या हाती गेला होता, हे नंतर कळलं. काका दवाखान्यात बरे होत होते, त्या वेळी पेज पीत होते.

आणि आता माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं ते ऐका. दारात उभ्या असलेल्या, हातात माझ्यासाठी खिचडी असलेल्या त्या बाईला मी म्हणाले, "फोन का नाही केलास? शंभर वेळा शिकवलं ना, आवाज ऐकल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत?"

ती डब्याचं फडकं सोडत-बांधत राहिली.

"आणि मी कधी हिंदीत लिहिते का तुला?"

"सोसायटीच्या ग्रुपवर लिहिता की," ती हळूच म्हणाली. तेही खरं होतं. इथे शेजारी गुजराती, खालचा किराणावाला मारवाडी, आपण मराठी माणसं सकाळपासून हिंदीतच सुरू होतो.

पुढचं सगळं मी झपाट्याने केलं, तेवढं मला येतं. सायबर हेल्पलाइनला फोन, तिच्या बँकेला फोन, व्यवहाराचे नंबर कागदावर उतरवून घेतले, रिक्षा करून पोलीस ठाणं. माझा फोन बंद केला, कार्ड काढून नवऱ्याच्या जुन्या हँडसेटमध्ये घातलं. रिक्षात मी तिला सांगत होते की जितक्या लवकर तक्रार तितके पैसे वाटेत अडवता येतात, पाठवल्या पाठवल्या कळवलं असतंस तर अजून बरं झालं असतं. ती रस्त्याकडे बघत होती. तिची दुपारची पाळी बुडाली होती.

पोलीस ठाण्यात एक तरुण शिपाई बाई होती, वागायला चांगली. तिने सगळं लिहून घेतलं. मग तिला विचारलं, "मावशी, पैसे पाठवण्याआधी तुम्ही मॅडमना फोन लावला होता का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "न्हाई."

"बघा ना," मी शिपाई बाईला म्हटलं, "मी दर रविवारी हेच शिकवते."

"मॅडम, लोक ऐकत नाहीत हो," ती म्हणाली. "तुमचा फोन तसाच राहू द्या, काही पुसू नका. लागला तर स्क्रीनशॉट मागू." मला बरं वाटलं होतं ते ऐकून. आज लिहितानाही लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं होतं.

माझ्या नावाचा तो मेसेज विहारातल्या अकरा बायकांना गेला होता. कुणी बघितलाच नाही, कुणी नवऱ्याला विचारलं, एकीने तर उलट शिवी घातली. पैसे एकटीनेच पाठवले. माझ्या ओळखीतल्या सगळ्यांत तिच्याकडे कमी आणि तिनेच पाठवले. फी भरायला ठेव मोडून पैसे खात्यात आणले होते, ते आठ दिवस तिथे पडून होते. मीच सांगितलं होतं, आयत्या वेळी धावपळ नको, आधीच मोडून ठेव. माझं खातंही त्या चोरांनी चाळलं असणार, पण त्यात भाजीपाल्यापुरतेच होते, आणि तेवढ्यासाठी ते थांबले नाहीत.

चार दिवसांनी कळलं की साठातले अठरा हजार कुठल्या तरी परराज्यातल्या खात्यात अडकवून ठेवलेत. ते परत मिळायला कोर्टाचा आदेश लागतो, त्याला महिने लागतात. बाकीचे पुढे गेले ते गेले. फीची शेवटची तारीख पंचवीस होती. नाही भरली तर मुलीला परीक्षेला बसता येणार नव्हतं.

मी तिच्या घरी गेले. रेल्वे फाटकाजवळच्या जुन्या चाळीत एक खोली आहे तिची. मी म्हटलं, "फी मी भरते. तू काळजी करू नकोस. पण यापुढे तरी नीट ऐकशील ना माझं?" तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "नको ताई. बघते मी. दोन्ही पाळ्या मागून घेतल्यात." मी आग्रह केला, ती नको म्हणाली. मला तो तिचा ताठा वाटला. एवढं करतेय मी, आणि ही!

निघताना तिची मुलगी जिन्यापर्यंत आली. रुग्णाला पाणी कसं पाजायचं ते शिकणारी पोर, डोळे रडून सुजलेले. "मावशी," ती म्हणाली, "आई म्हणतेय तुमचं काही चुकलं नाही. मला नाही पटत." मी जिना उतरले. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. माझं नाव वापरलं त्याला मी काय करू? नियम मी सांगितला होता, तिने पाळला नाही. फोन केला असता तर! एवढं एकच वाक्य मी त्या आठवड्यात नवऱ्याला, बहिणीला, शेजारणीला, भन्तेंनासुद्धा ऐकवलं. फोन केला असता तर.

नवव्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला. त्या सकाळच्या माझ्या फोनमधल्या नोंदी हव्यात, ती फाइल किती वाजता आली, कॉल कोणते, वेळेसकट स्क्रीनशॉट काढून आणा. मी कपाटातून माझा बंद ठेवलेला फोन काढला, चार्जिंगला लावला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक उघडू लागले. फाइल, दहा एकतीस. मग कॉलची यादी.

अकरा वाजून आठ मिनिटं. तिचं नाव. कापलेला कॉल.

अकरा वाजून दहा मिनिटं. पुन्हा तिचं नाव. कापलेला कॉल.

पैसे गेले होते अकरा चौदाला. तो आकडा मला पाठ होता, तक्रारीत मीच लिहिला होता.

वर मी लिहिलंय की मधे फोन वाजला आणि मी न बघताच कापला. ते खरं नाही. नवऱ्यालाही मी तसंच सांगितलं होतं, आणि सांगून सांगून मला ते खरं वाटायला लागलं होतं. नाव बघितलं होतं मी. हातात पांढरी साडी होती, पलंगावर फोन थरथरत होता, मी वाकून नाव बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, "आता हिचं काय!" आणि कापला. दुसऱ्यांदा तर नाव पूर्ण वाचायच्या आधीच कापला.

तिने शिकवल्याप्रमाणे केलं होतं. आवाज ऐकायला फोन लावला, एकदा नाही, दोनदा. ताईने तो कापला. मेसेजमध्ये लिहिलंच होतं, डॉक्टर आहेत, बोलता येत नाही. कापलेल्या फोनने तिची उरलीसुरली शंकाही गेली. त्या चोरांना माझ्या आवाजाची नक्कल करावी लागली नाही, त्यांचं खोटं मीच खरं करून दिलं.

मी ती यादी पुन्हा वरून खाली वाचली. नवऱ्याने विचारलं, काय झालं, तर फोन त्याच्यापुढे सरकवला. त्याने बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं आणि एवढंच म्हणाला, "जाऊन ये."

ती दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात घरी येऊन पडली होती. मला बघून उठायला लागली, मनगटाला पट्टी बांधलेली होती. इतक्या पोळ्या लाटून हात सुजला होता. मी उभ्याउभ्याच फोन तिच्यापुढे धरला. तिला वाचायची गरज पडली नाही.

"दिसलं का ते," ती म्हणाली. जणू माझीच काही लपवलेली वस्तू सापडली होती आणि तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"तू पोलिसांत फोन लावला नाही असं का म्हणालीस?"

"तुम्ही बाजूला बसलेल्या ना, ताई. ती पोरगी लिहून घेत होती. सगळी वस्ती तुम्हाला मानते. माझं तर गेलंच होतं, मग तुम्हाला कशाला खाली बघायला लावू म्हणलं."

"आणि मी तुला दारात... रिक्षात..." मी रडले. बत्तीस वर्षं काउंटरवर मी कुणासमोर रडले नव्हते. तिने मला खाली बसवलं, तोच पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी पिशवीतून पाकीट काढलं. "ही मदत नाही," म्हटलं. "हे मी देणं लागते. घ्यावंच लागेल."

ती पाकिटाकडे बघत राहिली. पंचवीस तारखेला चार दिवस उरले होते. मग तिने ते उचललं, कपाळाला वगैरे लावलं नाही, सरळ डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"घेते," ती म्हणाली. "पोरीची तारीख आहे. पण ताई, पुढच्या वेळी फोन उचला."